आनंदांचे चीवर आणि अभ्यासिकेतला लॅपटॉप

वसतिगृहाच्या अभ्यासिकेत खिडकीखालच्या टेबलावर एक जाडजूड काळा लॅपटॉप आहे. अलीकडे येथे शिकलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असेल. त्याच्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली आहे आणि ‘क’ची कळ जरा जोराने दाबावी लागते. २०१० सालचा हा लॅपटॉप आम्ही तिघा माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिला, तेव्हा आमचे त्याच्याशी असलेले काम संपले होते. आपल्याला नकोशी झालेली वस्तू आपण आपल्याच मुलांना देत आहोत, हे त्या वेळी आमच्या मनाला शिवले नाही. स्मरणिकेसाठी लिहिण्याचे आमंत्रण आले, तेव्हा प्रथम हीच गोष्ट आठवली.

लॅपटॉप देताना त्यावर आम्ही डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती घातली होती. परवान्याचा खर्च नाही, विषाणूंचा उपद्रव कमी, एवढाच आमचा विचार. पडद्यावरची सजावट मात्र आमच्या स्वतःच्या नव्या यंत्रांवर होती तीच ठेवली. खिडक्या अलगद सरकत, चिन्हे सावकाश मोठी होत. दिसायला सारे देखणे होते. आम्ही समाधानाने घरी गेलो.

गेल्या पावसाळ्यात अधीक्षिका बाईंचा फोन आला. एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत होती. मोबाइलवर ओटीपी येई. पण तो लिहिण्याचे पान उघडेपर्यंत त्याची मुदत संपून जाई. तीनदा असे झाल्यावर ती शांतपणे उठली आणि म्हणाली, “बाई, मी उद्या तालुक्याला जाऊन भरते.” म्हणजे एक दिवसाची शाळा बुडणार, एसटीचे भाडे जाणार आणि अर्ज भरून देणाऱ्याचे पैसेही द्यावे लागणार. तिने तो अर्ज भरला. पण ज्या सोयीसाठी आम्ही लॅपटॉप दिला होता, ती सोय तिला मिळाली नाही, हे खरेच.

पुढच्या पालकसभेत आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले, की हाच लॅपटॉप आम्ही हलका करून चालता करू. सभा संपत आली असता मागच्या रांगेतून एक आई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, “दादा, राग मानू नका. तुमच्या घरी कोणता लॅपटॉप आहे? आमच्या आज्यांनी दुसऱ्यांच्या उतरणीची लुगडी नेसली. आमच्या मुलींनी शिकायचं पण उतरणीवरच का?”

सभागृहात शांतता पसरली. या प्रश्नाला आपल्या समाजात फार खोल मूळ आहे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्ट्या भाकरीचे तुकडे सोडून द्यायला सांगितले, ते केवळ आरोग्यासाठी नव्हे. दुसऱ्याने टाकलेल्यावर जगण्याची सवय मनाला वाकवते, हे त्यांना ठाऊक होते. त्या माउलीचा प्रश्न त्याच शिकवणीतून आलेला होता. आम्ही एवढेच म्हणालो, “ताई, तुमचं बरोबर आहे. नव्या यंत्रांसाठी आम्ही निधी काढू. पण तोवर हे यंत्र मुलींच्या समोर उघडू, आणि त्यांच्याच हातांनी दुरुस्त करू.”

त्या रविवारी आठवी ते दहावीच्या नऊ मुली आणि पाच मुले टेबलाभोवती जमली. पहिला प्रश्न होता, हा मंद का? यंत्राची मेमरी २ जीबी. ती वाढवावी, तर दुसरी खाच निकामी झालेली. आम्ही मेमरीचा हिशेब दाखवणारी आज्ञा लिहिली. एकही काम सुरू केलेले नसताना १.१ जीबी मेमरी आधीच खर्ची पडली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा मूळ प्रणाली आणि पडद्यावरची सजावट यांनी मिळून व्यापलेली. ब्राउझर उघडला, की उरलेली जागा संपे, आणि संगणक हार्ड डिस्कचा काही भाग मेमरी म्हणून वापरू लागे. ही डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची. मेमरीपेक्षा कितीतरी पट मंद. एका मुलीने ते नेमके सांगितले: “म्हणजे ताटात जागा नाही म्हणून दर घासाला उठून कोठीत जायचं.”

मग आम्ही त्यांना समजावून सांगितले, की लिनक्समध्ये मूळ प्रणाली वेगळी आणि पडद्यावरचे वातावरण वेगळे असते. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिहिण्यास आरंभ केला. खिडक्या, पट्ट्या, याद्या, फायली दाखवणारा कार्यक्रम हा सारा संच त्या गाभ्यावर चढवलेला असतो. त्यालाच डेस्कटॉप वातावरण म्हणतात. तो बदलला तरी मुलांचे निबंध, छायाचित्रे, अर्जांच्या प्रती जागच्या जागी राहतात. आम्ही निवडलेले एक्सएफसीई हे वातावरण ऑलिव्हिए फूरदाँ यांनी १९९६ साली सुरू केले. त्याचे बोधचिन्ह उंदराचे आहे, याचा मुलांना फार आनंद झाला.

प्रत्यक्ष काम एका आज्ञेचे. मोबाइलच्या इंटरनेटवरून सारे उतरवून घेण्यात मात्र जेवणाची घंटा झाली. परत आल्यावर लॅपटॉप बंद करून चालू केला, प्रवेशाच्या पडद्यावर नव्या वातावरणाचे नाव निवडले, आणि खाली एक साधी पट्टी असलेला पडदा समोर आला. मेमरीचा हिशेब पुन्हा पाहिला: सुमारे ५०० एमबी. खिडक्यांच्या सावल्या व पारदर्शकपणा काढून टाकल्यावर त्या हलवतानाचा अडखळाही गेला.

टाळ्या वाजल्या, पण त्या लवकरच थांबल्या. एक मुलगा आपले नाव मराठीत लिहू लागला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटली. आधीच्या वातावरणात मराठी कळफलक आपोआप सुरू होत असे. नव्यात ती जोडणी कोणी केलीच नव्हती. यंत्र हलके झाले आणि त्यातून आपली भाषाच गळून पडली! आयबस हा लेखनाचा कार्यक्रम निवडून तो लॅपटॉपबरोबर सुरू होईल अशी व्यवस्था केली, त्यात इनस्क्रिप्ट कळफलक जोडला. तासाभराने ‘क’ उमटला, अर्थात जोराने दाबल्यावरच. काय कमी करायचे हे ठरवताना काय जाता कामा नये हेही आधी लिहून ठेवावे, हा धडा त्या दिवशी मुलांआधी आम्ही शिकलो.

आज तो लॅपटॉप मराठी लेखन करतो, हिशेबाचे तक्ते उघडतो, दोन-तीन पाने उघडी ठेवून अर्ज भरू देतो. जे तो करीत नाही तेही सांगितले पाहिजे. मोठ्या पडद्यावरचा व्हिडिओ त्यावर अडखळतो. ऑनलाइन वर्ग आणि अनेक पाने एकत्र चालत नाहीत. तबकडी जुनी आहे, एक दिवस ती थांबेल. म्हणून मुले दर शनिवारी सर्व फायलींची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवतात. हा लॅपटॉप नव्या संगणकाची जागा घेऊ शकत नाही, आणि तसे म्हणणे ही मुलांची फसवणूक ठरेल.

या निमित्ताने विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील एक प्रसंग आम्हांस आठवतो. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना ५०० चीवरे दान दिली. इतक्या चीवरांचे हे काय करणार, अशी शंका राजाला आली. आनंदांनी सांगितले, की ज्या भिक्षूंची चीवरे विरली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती जीर्ण झाली, की गादीच्या खोळी; मग जमिनीवरची अंथरणे; मग पायपुसणी; मग धूळ झटकण्याची फडकी; आणि शेवटी त्यांच्या चिंध्या करून, चिखलात मळून जमीन लिंपू.

ही कथा काटकसर शिकवण्यासाठी सांगितली जाते, आणि बहुधा येथेच थांबवली जाते. परंतु तिला पुढचा भाग आहे. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आनंदांना आणखी ५०० चीवरे दिली. जुन्याचा शेवटचा धागा वापरणाऱ्या संघाने नवे नाकारले नाही. ज्यांची चीवरे विरली होती त्यांना नवीच मिळाली. जुनी पायाखाली गेली. त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस या दुसऱ्या भागात सापडले. उतरण आणि वारसा यांत फरक आहे. बंद डब्यासारखी हातात ठेवलेली, मंद का हे न सांगता दिलेली वस्तू ही उतरण. आम्ही आधी तीच दिली होती. जिचा प्रत्येक थर मुलांनी स्वतः उघडून पाहिला, कमी केला, पुन्हा जोडला, ती वस्तू त्यांची झाली. मात्र ती त्यांची झाली म्हणून आमचे देणे फिटले असे नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती अशी. घरी जुना लॅपटॉप असेल तर तो चार्जरसह आणा, आणि एक रविवारही आणा. मुलांसोबत बसून तो हलका करा. त्याच भेटीत कार्यालयात नव्या संगणकांच्या निधीची पावती फाडा. एकाच्या बदली दुसरे चालणार नाही. पुढच्या पालकसभेत त्या आई पुन्हा मागच्या रांगेत बसलेल्या असतील, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

जय भीम!