खलनायक सापडेना

पहिली चार-पाच प्रकरणं वाचून झाली तरी या विज्ञान कादंबरीत विज्ञान कुठे आहे, तेच मला कळेना. अंतराळयान नाही, यंत्रमानव नाही, परग्रहावरून आलेलं कोणी नाही. मुलं सायकलवरून शाळेत जातात, आईवडील कामावर जातात, रात्रीच्या जेवणानंतर घरातले सगळे दिवसभरात मनात काय काय आलं ते एकमेकांना सांगतात. शेवटी लेकीला विचारलं, "अगं, यात विज्ञान कधी येणार?" ती म्हणाली, "आई, आलंय. तू वाचत राहा."

पुस्तक होतं अमेरिकी लेखिका लोइस लोरी यांचं 'द गिव्हर'. १९९३ साली ते प्रसिद्ध झालं आणि १९९४ साली त्याला न्यूबेरी पदक मिळालं. माझी लेक नववीत आहे. ती आणि तिच्या मैत्रिणी या पुस्तकावरून तावातावाने वाद घालत होत्या. बाप वाईट की बिचारा, यावर त्यांचं एकमत होईना. एका कादंबरीतल्या बापावरून मुली इतक्या हमरीतुमरीवर येतात, म्हणजे त्यात काहीतरी आहे, म्हणून मी ते हातात घेतलं. विज्ञानकथेशी माझी ओळख जयंत नारळीकरांच्या कथांपुरती. त्यांच्या कथेत शास्त्रीय कल्पना काय आहे ते स्वच्छ कळतं. इथे मात्र कोणी काही समजावून सांगायलाच तयार नव्हतं.

कथेचा नायक जोनस अकरा वर्षांचा आहे. त्याच्या वस्तीत सगळं ठरलेलं असतं. प्रत्येक घरात एक मुलगा आणि एक मुलगी, तीही अर्ज केल्यावर मिळालेली. मुलांना जन्म देणाऱ्या बायका वेगळ्या. दर डिसेंबरात मोठा समारंभ होतो आणि त्या त्या वर्षाची मुलं एकदम पुढच्या वयात जातात. नवव्या वर्षी सायकल मिळते. चार, पाच आणि सहा वर्षांच्या मुलांच्या जाकिटांची बटणं पाठीवर असतात, म्हणजे ती लावायला दुसऱ्याची मदत घ्यावीच लागते. बाराव्या वर्षी प्रत्येकाला आयुष्यभराचं काम नेमून दिलं जातं, आणि वडीलधाऱ्यांची समिती मुलांचं वर्षानुवर्षं बारीक निरीक्षण करून ते ठरवते. पाठीवरच्या बटणांचं वाचून मला ही वस्ती आवडायला लागली होती. माणसं एकमेकांशी नीट बोलतात, चुकलं तर लगेच माफी मागतात, उपाशी कोणी नाही, बेकार कोणी नाही. यात बिघडलंय काय?

तशात बाराव्या वर्षाच्या समारंभात जोनसच्या मित्राचा, ॲशरचा, किस्सा येतो. ॲशर विनोदी, धांदरट आणि सगळ्यांचा लाडका. तीन वर्षांचा असताना मधल्या वेळचा खाऊ मागताना तो एक अक्षर चुकवायचा, आणि त्या चुकीच्या शब्दाचा अर्थ व्हायचा 'फटका'. मग त्याला खरंच छडीचा फटका मिळायचा. तो पुन्हा मागायचा, पुन्हा चुकायचा, पुन्हा छडी. शेवटी काही काळ तो पोरगा बोलायचाच बंद झाला. वस्तीच्या प्रमुख बाई हा किस्सा व्यासपीठावरून प्रेमाने सांगतात, सभागृह हसतं, स्वतः ॲशरही हसतो. तीन वर्षांचं मूल मुकं झालं आणि त्याची गोड आठवण म्हणून टाळ्या पडताहेत, हे ध्यानात आल्यावर मी ते पान पुन्हा वाचलं. त्यात कुणीही दुष्टपणाने बोलत नाही. सगळ्यांना ॲशरचं कौतुकच आहे.

तेव्हापासून मी खलनायक शोधायला लागले. अशा गोष्टीत पडद्यामागे कोणीतरी सूत्रं हलवणारा असतो, अशी माझी खात्री होती. प्रमुख बाई असतील का? त्या तर अगत्याने वागतात. जोनसला कुठलंच काम न देता पुढच्या मुलाचं नाव पुकारतात आणि नंतर सर्वांसमक्ष त्याची माफी मागतात. जोनसची निवड झालेली असते अगदी वेगळ्या कामासाठी. वस्तीतल्या कोणालाच पूर्वीचं काही आठवत नाही. सगळ्या जगाच्या आठवणी एकच म्हातारा माणूस सांभाळतो, आणि आता त्या जोनसने घ्यायच्या आहेत. हा म्हातारा म्हणजेच शीर्षकातला 'देणारा', गिव्हर.

या मधल्या भागात माझा गोंधळ हळूहळू निवळला, आणि तो निवळला एका सफरचंदामुळे. अगदी सुरुवातीला जोनस आणि ॲशर सफरचंद झेलत खेळत असतात. हवेत असताना ते क्षणभर बदलल्यासारखं जोनसला वाटतं. आकार तोच, आकारमान तेच, तरी काहीतरी वेगळं. तो ते घरी नेऊन भिंगातून बघतो, तरी काही कळत नाही. वाचताना मलाही कळलं नव्हतं. पुढे तसंच फियोना या मैत्रिणीच्या केसांच्या बाबतीत होतं, आणि मग गिव्हर उलगडा करतो: जोनसला लाल रंग दिसायला लागला आहे. म्हणजे इतकी पानं मी ज्या जगात वावरत होते, तिथे रंगच नव्हते! फियोनाचे केस तांबडे आहेत आणि वस्तीतले जनुकशास्त्रज्ञ असा एखादा निसटलेला रंग अजून पुसू शकलेले नाहीत. लेकीचं म्हणणं खरं होतं. विज्ञान पहिल्या पानापासून तिथेच होतं. जोनसला जे दिसत नाही ते लेखिका वाचकालाही दाखवत नाही, आणि त्याला दिसायला लागतं तेव्हाच आपल्याला दिसतं.

पहिली आठवण मिळते बर्फातल्या घसरगाडीची. जोनसने बर्फ पाहिलेला नाही, उतारही नाही. बर्फामुळे पिकं घ्यायला अडचण होते आणि टेकड्यांमुळे मालाची ने-आण रखडते, म्हणून पूर्वीच्या माणसांनी हवामान ताब्यात घेतलं, जमीन सपाट केली आणि सगळं एकसारखं करून टाकलं. अडचण टाळायची म्हणून एकेक गोष्ट सोडत गेले. मागे कोणी हुकूमशहा नव्हता. मग उन्हाने भाजण्याची आठवण येते, मोडलेल्या पायाची येते, युद्धाची येते. त्यातला जखमी सैनिक जोनसच्याच वयाच्या आसपासचा पोरगा आहे आणि तो पाणी मागतो आहे. या आठवणी का जपायच्या, असं जोनस विचारतो. गिव्हर सांगतो की एकदा लोकांनी जन्मसंख्या वाढवायची मागणी केली होती. समितीने त्याचा सल्ला घेतला, तेव्हा त्याला उपासमारीची आठवण होती म्हणून त्याने ती थांबवली. साऱ्या वस्तीच्या वाट्याचं दुःख एका माणसाच्या पाठीवर टाकून बाकीचे सुखाने झोपतात.

आणि मग जोनसचे वडील. नवजात बाळांची देखभाल हे त्यांचं काम. स्वभावाने लाघवी. एक तान्हं बाळ, गॅब्रिएल, रात्री झोपत नाही, त्याचं वजन वाढत नाही, म्हणून खास परवानगी काढून ते त्याला घरी आणतात. सगळ्या पात्रांत मला तेच जवळचे वाटत होते. जुळी मुलं जन्मली तर त्यांतलं एकच ठेवायचं, अशी वस्तीची रीत आहे. दुसऱ्याला 'मुक्त' करतात. म्हणजे दुसऱ्या गावी पाठवत असतील, असं जोनसला वाटतं, आणि मलाही तसंच वाटलं होतं. गिव्हर त्याला त्या सकाळचं चित्रीकरण पडद्यावर दाखवतो. वडील दोन्ही बाळांचं वजन करतात. जड बाळ बाजूला पाठवतात. हलक्या बाळाच्या कपाळावरच्या शिरेत सुई टोचतात, कारण हाताच्या शिरा फार बारीक असतात. बाळ रडतं, तर घरी गॅब्रिएलशी बोलताना जो लाडिक आवाज काढतात त्याच आवाजात ते त्याला चुचकारतात. हालचाल थांबल्यावर देह खोक्यात ठेवतात, भिंतीतलं छोटं दार उघडून आत सरकवतात आणि हसतमुखाने निरोप देतात.

मी पुस्तक मिटलं आणि लेकीजवळ जाऊन बसले. खलनायक शोधत होते, तो सापडत नव्हता, कारण तो नव्हताच. वडिलांना मृत्यू म्हणजे काय हेच ठाऊक नाही. कुणी गेल्याची आठवण त्यांच्यापाशी नाही, त्यामुळे आपण काय करतोय हे त्यांना समजायला काही मार्गच नाही. फियोनाही म्हाताऱ्यांची सेवा करता करता हेच शिकते आहे. माया भरपूर असूनही माणूस असं करू शकतो, कारण दुःखाची ओळख नसेल तर दुसऱ्याचं दुःख दिसतच नाही. मुलींच्या वादाचं मूळ मला तिथे सापडलं. माझी लेक 'बिचारा' म्हणणाऱ्यांतली आहे. तिची मैत्रीण म्हणते, जोनसला शंका आली, मग बापाला का आली नाही? मला वाटतं, दोघींचे प्रश्न कादंबरीला हवे आहेत.

पुढे कळलं की हे सगळं लेखिकेच्या घरातून आलं आहे. १९९४ साली पदक स्वीकारताना लोरींनी त्याबद्दल सांगितलं. त्यांचे वडील अमेरिकी लष्करात दंतवैद्य होते. महायुद्धानंतर टोकियोत अमेरिकनांसाठी कुंपणाआड वसवलेल्या वसाहतीत हे कुटुंब राहायचं, आणि अकरा वर्षांची लोइस सायकल काढून कुंपणाबाहेरच्या शिबुयाच्या गर्दीत जायची. म्हातारपणी वडिलांची स्मृती हरवत गेली, तेव्हा आपली थोरली मुलगी हेलन तरुणपणी कर्करोगाने गेली हेही ते विसरले. तिचा फोटो बघून तिचं काय झालं म्हणून विचारायचे. दुःखाच्या आठवणी पुसल्या गेल्या तर माणूस सुखी होईल का, हा प्रश्न लेखिकेला तिथे भेटला. कुंपणातली सुरक्षित वसाहत आणि बाहेर पडणारी सायकल, दोन्ही कादंबरीत आहेत. गॅब्रिएललाही 'मुक्त' करायचं ठरतं, त्याच्या आदल्या रात्री जोनस त्याला घेऊन पळतो ते वडिलांच्याच सायकलवरून, कारण तिला मागे बाळाची बैठक असते. उष्णता टिपणारी विमानं वर घिरट्या घालतात, तेव्हा तो बर्फाच्या आठवणीने दोघांची अंगं गार करतो. आठवण ही इथे जीव वाचवणारी वस्तू आहे.

शेवटावरही आमचं एकमत नाही. बर्फातली टेकडी, घसरगाडी, खाली दिवे. जोनस पोचला की गारठून जाताना त्याला भास झाला, हे लेखिकेने उघडं ठेवलं. पुढच्या पुस्तकांतून, विशेषतः 'मेसेंजर' (२००४) आणि 'सन' (२०१२) मधून, तो जगल्याचं कळतं. लेकीला ते आधीच माहीत होतं, तरी तिने मला सांगितलं नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

आपल्याकडे घरात कोणी आजारी पडलं की मुलांना आतल्या खोलीत पाठवतात, आजोबा गेले तर "देवाघरी गेले" म्हणून विषय मिटवतात. त्यामागे माया असते, जशी त्या वस्तीच्या नियमांमागेही होती. पुस्तक संपल्यावर लेकीने तिच्या आजोबांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल विचारलं. दवाखाना, त्यांचं दुखणं, त्यांची चिडचिड, आणि शेवटच्या आठवड्यात त्यांनी आवर्जून मागितलेला गरम वरणभात, सगळं मी तिला सांगितलं. ती रडली, मग तिने आणखी विचारलं.

कोणी ही कादंबरी पहिल्यांदा हातात घेणार असेल, तर त्याला माझं सांगणं एवढंच की आधी कथासार वाचू नका. काही कळत नाहीसं वाटलं तरी थांबू नका, कारण जोनसलाही काही कळत नसतं. आणि शक्य असेल तर घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या कोणाबरोबर वाचा. मुलांना दुःखाबद्दल जे विचारायचं असतं, ते या पुस्तकाच्या निमित्ताने त्यांना विचारता येतं, आणि आपल्याला सांगता येतं.