आठ आऱ्यांचे चाक

राष्ट्रीय सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथाचे चाक असते. त्याला आठ आरे. आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, अर्थात २४ तास. हा बिल्ला लावणाऱ्याने अष्टौप्रहर सेवेस सिद्ध असावे, असा त्याचा अर्थ. गांधीजन्मशताब्दीच्या वर्षात, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करावे असा नियम. मुलांचे तास वहीत लिहिले जात आणि पानाखाली माझी सही होई. माझे तास लिहिण्याची वही कुठेच नव्हती, हे त्या वर्षांत माझ्या लक्षात आले नाही. आले असेल तर मी ते मनावर घेतले नाही.

इंदूरच्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवीत असे. १९८७ साली प्राचार्यांनी बोलावून हे काम माझ्याकडे दिले, ते एका वाक्यात. "आप तो महाराष्ट्रीयन हैं, आपके यहाँ तो नाटक-गाना घर-घर में चलता है." आपल्यापैकी ज्यांनी या शहरात नोकरी केली, त्यांना हे वाक्य अपरिचित नसेल. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांची ही कीर्ती. ती खोटी नाही. रामबागेतल्या आमच्या गल्लीत गणपतीच्या दहा दिवसांत कोणी ना कोणी तोंडाला रंग लावीतच असे. मला स्वतःला एक सूर धड लागत नाही. तरीही मी सुखावले. आपल्या माणसांची वाखाणणी आपल्यामुळे खोटी ठरू नये, या ओझ्याखाली माणूस बरेच काही स्वीकारतो.

सेवा योजनेचे काम एका अध्यापकाकडे तीन-चार वर्षेच ठेवावयाचे असते. माझ्याकडे ते दोनदा आले, आणि उरलेल्या वर्षांत स्नेहसंमेलन व युवा उत्सव आले. एकूण बावीस वर्षे. या कामाचे स्वरूप बाहेरच्यांना सांगून कळत नाही. वर्ग पंचेचाळीस मिनिटांत संपतो. एकांकिकेची तालीम कधी संपेल ते दिग्दर्शक मुलाच्या लहरीवर असते. समूहगानाची पेटीवाली आजारी पडते, मूकाभिनयातल्या दोन मुलांचे भांडण होते, ऐन वेळी वीज जाते. हे सगळे निस्तरले तरी खरे काम शिल्लक असते, ते म्हणजे शेवटच्या मुलीला घरी पोचविणे. रात्री साडेआठला फाटकाशी उभे राहून कोणाचे वडील स्कूटरवर येतात त्याची वाट पाहावयाची. न आले तर तिच्याबरोबर टेम्पोत बसून तिच्या घरापर्यंत जावयाचे. परक्याच्या मुलीला तिच्या आईच्या हाती देऊन मी घरी येई, तेव्हा माझा मुलगा झोपलेला असे.

एका वर्षी युवा उत्सवाची जिल्हा पातळीवरची फेरी नेमकी महालक्ष्म्यांच्या पूजेच्या दिवशी आली. सासूबाई म्हणाल्या, "पुरणाचं मी बघते. तू संध्याकाळच्या आरतीला ये म्हणजे झालं." मी घरी पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या होत्या. ताम्हनात एक निरांजन न लावता तसेच ठेवलेले होते, माझ्यासाठी. मी पदर सावरून पुढे झाले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मुलींचा नंबर आला का गं?" समूहगानात पहिला आला, असे मी सांगितले. त्यांनी वळून ते महालक्ष्म्यांना सांगितले, जणू त्याही उत्तराची वाट पाहत होत्या. त्या दिवशी त्या चिडल्या असत्या तर बरे झाले असते, असे आता वाटते.

दरवर्षी एका दत्तक गावी सात दिवसांचे शिबिर होई. १९८९ च्या डिसेंबरात ते सिमरोलच्या पलीकडे होते. आज त्या बाजूला आयआयटीच्या इमारती उभ्या आहेत. तेव्हा गव्हाची शेते आणि थंडी. शंभर स्वयंसेवकांतले पन्नास शिबिरास आले होते, त्यांत बावीस मुली. स्त्री अध्यापक मी एकटी. पहाटे प्रभातफेरी, मग शोषखड्ड्यांचे श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शेकोटीभोवती गाणी. मुली शाळेच्या खोलीत झोपत आणि मी दाराशी. एक दिवसाआड महाविद्यालयाचा शिपाई इंदूरहून भाजी घेऊन येई. दर वेळी निरोप सांगे, "साहब ने कहा है, सब ठीक है."

सातव्या संध्याकाळी घरी आले तर मुलगा पलंगावर, चेहरा उतरलेला, अंगावरचे पुरळ मावळू लागलेले. सहा वर्षांचा होता. यजमान म्हणाले, "गोवर होता. आता उतार आहे." दुसऱ्याच दिवशी ताप चढला होता. यांनी बँकेतून रजा घेतली होती आणि शिपायाला स्वतः गाठून तो निरोप दिला होता. मी संतापले. "मला कळवलं का नाही?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "कळवलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मला उत्तर देता आले नाही. मी निघाले असते तर बावीस मुलींना घरी धाडावे लागले असते; ज्या वडिलांनी माझ्या भरवशावर त्यांना सोडले होते, त्यांनी पुढल्या वर्षी सोडले नसते. हे कारण खरे आहे आणि ते मी पुष्कळांना सांगितले. जे सांगितले नाही ते असे की, आपल्याला विचारले गेले नाही, याने मला आत कुठेतरी हायसे वाटले होते. निवड करावी लागली नाही. ती यांनी माझ्या वतीने केली, आणि त्यांच्या रजेचे ते दिवस कोणत्याही वहीत माझ्या किंवा त्यांच्या नावे लागले नाहीत.

२००९ साली मी हा कार्यभार सोडला. तो एका तरुण सहकारी बाईंकडे जावयाचा होता. त्यांचे मूल चौदा महिन्यांचे. त्यांचे मन वळवावे म्हणून मलाच सांगण्यात आले. मी म्हणाले, "तुमच्यात उत्साह आहे, हे काम प्रत्येकाला जमत नाही," आणि बोलता बोलता मला १९८७ चे प्राचार्य ऐकू आले. बाईंनी नकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी एक कागद आणला. तालीम साडेपाचला बंद. दोन अध्यापक, पाळीपाळीने. प्रत्येक मुलगी घरी कशी जाणार ते पालकांच्या सहीनिशी आधी लिहून घ्यावयाचे. शिबिरानंतर दोन दिवस सुटी. स्टाफरूममध्ये हशा पिकला. सेवेला का वेळापत्रक असते, असे कोणीसे म्हणाले. सर्वांत जोराने मी हसले होते.

प्राचार्यांनी तो कागद मान्य केला, आणि त्या वर्षीचे संमेलन यथास्थित पार पडले. एकांकिकेत दोन जागा कच्च्या राहिल्या. माझ्यावाचून त्या कोणाला जाणवल्या नाहीत. मला बोचले ते हे की, असा कागद १९८७ सालीही लिहिता आला असता. मला कोणी नाही म्हटले नव्हते. मी मागितलेच नव्हते. रात्री नऊ वाजता बारा-पंधरा मुले "मॅडम, मॅडम" करीत भोवती असतात, तो मान घरी मिळत नाही; घरी आमटीत मीठ कमी पडल्याचे कळते. त्या मानाची मला सवय लागली होती, आणि तिला मी सेवा म्हणत होते.

अर्थात साडेपाचच्या कुलपानेही काही जाते. तालमीनंतर टेम्पोची वाट पाहताना एका मुलीने मला सांगितले होते की लग्न ठरले आहे, पण तिला अंतिम परीक्षेला बसावयाचे आहे. मी तिच्या घरी गेले, वडिलांशी बोलले, लग्न परीक्षेनंतर ढकलले गेले. अशा गोष्टी मुली दिवसाउजेडी स्टाफरूममध्ये येऊन सांगत नाहीत. नंतर, २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत अशा उपक्रमांनाही पदोन्नतीसाठी गुण ठरले. त्या मुलीच्या वडिलांसमोर घालवलेला तास कोणत्या रकान्यात लिहावा, हे मला अजून उमगलेले नाही.

मुलगा हैदराबादला असतो. गेल्या दिवाळीत सहकुटुंब आला होता. कपाट आवरताना नातीला बिल्ला सापडला आणि तिने आरे मोजले. मी सवयीने आठ प्रहर सांगू लागले. मुलगा जवळच बसला होता. शिबिराचा विषय निघाला तसा तो म्हणाला, "आई, गोवराचे ते दिवस मला छान आठवतात. बाबा पत्ते शिकवायचे. बदामसात. खिचडी रोज खालून लागायची आणि बाबा म्हणायचे, ही खरपुडीच खरी."

पत्त्यांचे हे मला कधी सांगितले नव्हते. आणि हे आता नाहीत, की विचारावे. ते पोर सात दिवस माझ्या नावाने रडत असेल, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. न राहवून विचारले, "माझी आठवण काढत होतास का रे?"

त्याने जरा विचार केला. "काढली असेल की," तो म्हणाला.

नात बिल्ला फ्रॉकला लावून मागत होती. पिन गंजलेली होती, म्हणून मी तो लावू दिला नाही.