मुलं किती, हे न विचारता

इगतपुरीला जाऊन दहा दिवस बोलायचं नाही, हे ऐकून आमच्या शेजारणी हसल्याच. "तुम्ही? आणि गप्प?" पण मैत्रिणींनो, गप्प बसणं आपल्याला काही नवीन नाही. सासरी पहिली चार वर्षं दुसरं काय केलं आपण?

'धम्मगिरी' हे विपश्यनेचं केंद्र तिथे १९७६ साली सुरू झालं. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा नि चुरमुरे, साडेनऊला दिवे बंद. फी नाही, शिबिर पुरं झाल्यावर ज्याला जे द्यायचं ते दान. बायका-पुरुषांची सोय निराळी, मोबाइल आल्याआल्याच जमा. आणि 'आर्य मौन' म्हणजे नुसतं तोंड बंद नव्हे. खुणा नाहीत, डोळ्यांनी बोलणं नाही. (हे फार अवघड बाई! आपलं निम्मं बोलणं भुवयांनीच चालतं.)

तुम्ही म्हणाल, मग ओळख कशी व्हायची? आपली रीत ठरलेली. कुठल्या तुम्ही, मिस्टर काय करतात, मुलं किती? गाडीत बसलं की कसारा यायच्या आत सगळं विचारून होतं. इथे तो रस्ताच बंद. तरी ओळख होते हो! शेजारच्या पलंगावरची बाई उठताना गुडघ्यावर हात ठेवते, तिचं अंथरूण कसं चापूनचोपून असतं, आपलं ताट घासून झालं की नळाखालची शितंसुद्धा ती वेचते, हे मला तिसऱ्या दिवशी पाठ झालं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी पाऊस कोसळला. ध्यानातून बाहेर येऊन बघते तो दोरीवरची माझी साडी कुणीतरी व्हरांड्यात नीट पसरून ठेवलेली. कुणी, ते विचारायची सोय नाही. पुढच्या सरीला मी कुणाचे तरी दोन परकर आत नेले.

त्याच रात्री शेजारून हुंदका ऐकू आला. एरवी उठून पाणी दिलं असतं, चार प्रश्न विचारले असते. तिथे नुसती जागी राहिले. तिलाही ते कळलं असावं.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं नि अंगणात एकच कलकलाट! पाच मिनिटांत तेच प्रश्न: गाव, मिस्टर, मुलं, नातवंडं. विचारणाऱ्या काही वाईट नव्हत्या, मायेनंच विचारत होत्या. माझी शेजारीण मात्र बाजूला उभी. जवळ गेले तशी हळूच म्हणाली, "ताई, लग्नाला एकोणीस वर्षं झाली. सलग दहा दिवस मला कुणी 'मुलं किती' विचारलं नाही, असं पहिल्यांदाच झालं."

मी म्हटलं, "त्या दिवशी माझी साडी तुम्हीच आत नेलीत ना?"

"नाही हो," ती हसली. "माझे परकरही कुणीतरी नेले होते."