शरदातलं कडू

मराठी माणसाच्या दारूला पंचांगात एकच जागा आहे, ती म्हणजे गटारी. आषाढातली अमावास्या उलटून श्रावण लागला की बाटल्या कपाटात जातात. निदान घरात तसं सांगितलं तरी जातं. शरदाच्या वाट्याला आपल्याकडे दूध आलं, कोजागरीचं, केशर-वेलदोड्याचं. त्यामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात राहायला आले आणि सप्टेंबर सरता सरता इथली माणसं 'फॉल कॉकटेल'च्या गोष्टी करू लागली, तेव्हा मला ते जरा अतीच वाटलं. व्हिस्कीला कसला आलाय हंगाम? बाबांच्या कपाटातली बाटली बारमाही होती. पाहुणे आले की निघायची आणि आईनं स्वयंपाकघरातून भांडी आपटली की परत जायची.

माझं मत बदललं ते कुंपणापलीकडच्या शेजारणीमुळे. निवृत्त शिक्षिका, एकटी राहते, बोलणं फटकळ. पहिल्याच शरदात ती प्लॅस्टिकच्या भल्या मोठ्या कॅनमधून साइडर घेऊन दारात उभी राहिली. साइडर म्हणजे इथं दारू नव्हे. सफरचंदं चेचून, दाबून काढलेला, न गाळलेला, गढूळ तपकिरी रस म्हणजे साइडर. आंबवलेल्या साइडरला ही माणसं 'हार्ड' म्हणतात. आम्ही नदीच्या पूर्वेला राहतो. पलीकडच्या काठावर अल्स्टर काउंटीत सफरचंदाच्या बागाच बागा. मॅकिंटॉश, एम्पायर, नॉर्दर्न स्पाय अशी नावं. यातलं एम्पायर याच राज्यातलं, कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्रात मॅकिंटॉश आणि रेड डेलिशस यांच्या संकरातून तयार झालेलं. आपल्याकडे हापूसच्या पेटीवर गावाचं नाव वाचून भाव ठरतो, तसा इथं साइडर कुठल्या बागेतला यावरून वाद घालणारे लोक आहेत. शेजारीण त्यांतलीच.

तिची कृती सोपी होती, फक्त घाई चालत नाही. लिटरभर साइडर रुंद बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचा. त्यात दालचिनीचा एक तुकडा आणि दोनच लवंगा. लवंगांच्या बाबतीत हात सैल सोडला की पुढचं सगळं वाया, कारण नंतर दुसरी कसली चवच लागत नाही. साधारण तासाभरात रसाचा पाव हिस्सा उरतो, दाट आणि आंबटगोड, रंग काकवीचा. साखर घालायची गरज नसते, सफरचंदातली पुरते. गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला की दोन-तीन आठवडे टिकतो. मग एका जाड बुडाच्या पेल्यात साठ मिलिलिटर व्हिस्की, पंधरा मिलिलिटर हा आटवलेला रस आणि बर्फाचा मोठा खडा. अर्धा मिनिट चमच्यानं ढवळायचं. हे पेय हलवायच्या डब्यात घालून खळखळवायचं नसतं. त्यानं हवा मिसळते आणि ते गढूळ होतं. ढवळताना थोडा बर्फ वितळतो, त्याचं पाणीही कृतीचाच भाग आहे. ते नसलं तर घसा जळतो.

व्हिस्की राय असावी, हा तिचा हट्ट, आणि आता माझाही. राय हे थंड प्रदेशातलं, गव्हाच्या नात्यातलं धान्य. अमेरिकी कायद्यानुसार राय व्हिस्कीत निदान ५१ टक्के राय लागतं, बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका. दोन्ही ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपांत मुरतात. मका मुळात गोड, त्यात जाळलेल्या लाकडाचा व्हॅनिला. त्यावर पुन्हा सफरचंद ओतलं तर बासुंदीच करायची की! राय मिरमिरीत असते, ती या गोडाला अडवते.

एवढं सगळं झाल्यावर शेजारणीनं खिशातून एक छोटी बाटली काढली. बाटली लहान आणि तिच्यावरचं कागदी लेबल तिच्यापेक्षा मोठं, वर थेट मानेपर्यंत आलेलं. अँगोस्टुरा बिटर्स. पेल्यात दोन-तीन शिंतोडे मारण्याआधी तिनं माझ्या तळहातावर एक थेंब टाकला आणि चाट म्हणाली. लवंग-दालचिनीचा वास पुढं आला, आणि त्याच्या मागून जिभेच्या मुळाशी जे काही पोचलं ते मी कुठंही ओळखलं असतं. काडेचिराईत!

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी दसऱ्यानंतर आजी काडेचिराईत भिजत घालायची. पाऊस गेलेला, भात पिवळं पडायला लागलेलं, आणि ऑक्टोबरचं ऊन असं की अंगणातली माती पायाला चटके देई. हा पित्ताचा काळ, असं आजीचं म्हणणं. रात्री पेलाभर पाण्यात काड्या टाकायच्या, सकाळी गाळून प्रत्येकाला घोट घोट. रांगेत उभं राहून प्यायचं, नाक धरायचं नाही, आणि नंतर गुळाचा खडा. मोठेपणी वैद्यकी शिकलेल्या मैत्रिणीनं सांगितलं की आजीच्या या उद्योगाला चरकसंहितेचा आधार आहे. सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. पावसाळ्यात साठलेलं पित्त शरदातल्या उन्हानं उसळतं, म्हणून कडू औषधांत सिद्ध केलेलं तूप घ्यावं, असं तिथं म्हटलंय. आजीनं चरक वाचला नव्हता. तिच्या सासूनं तिला काड्या दिल्या होत्या, एवढंच.

आणि दिवाळीतही सुटका नसे. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढं कारीट ठेवायचं, डाव्या पायाच्या अंगठ्यानं 'गोविंदा, गोविंदा' म्हणत फोडायचं आणि त्यातलं कडूजहर बी जिभेला लावायचं. ते केल्याशिवाय गोडाच्या पोह्यांना हात लावायची सोय नव्हती. आधी कडू आणि मग गोड, हा क्रम आमच्या घरात कुणी कधी समजावून सांगितला नाही आणि मोडलाही नाही.

तळहातावरच्या त्या थेंबानंतर मी बाटलीच्या मागं लागले. लेबलवर घटक द्यायचे म्हणून दिलेत: पाणी, मद्यार्क आणि जेन्शन, बाकीचं सगळं 'वनस्पतींचे अर्क' या नावाखाली गुलदस्त्यात. जेन्शन ही युरोपातल्या डोंगरांतली वनस्पती, तिचं मूळ कडूपणासाठी वापरतात. हिमालयातलं काडेचिराईत याच जेन्शनच्या कुळातलं. दोन्हींत अमारोजेन्टिन नावाचं एक द्रव्य सापडतं, आणि निसर्गात माहीत असलेल्या सर्वांत कडू द्रव्यांत त्याची गणना होते. म्हणजे माझ्या जिभेनं काही कविकल्पना केली नव्हती, तिनं नुसतं नातं ओळखलं.

बाटलीचा जन्मही औषधाचाच. योहान सीगर्ट नावाचा जर्मन डॉक्टर सिमॉन बोलिव्हारच्या सैन्यात होता. व्हेनेझुएलात अँगोस्टुरा नावाच्या गावी सैनिकांच्या पोटाच्या तक्रारींसाठी त्यानं १८२४ मध्ये हा अर्क तयार केला. गावाचं नाव पुढं बदलून सिउदाद बोलिव्हार झालं, १८७५ मध्ये धंदा त्रिनिदादला गेला, पण बाटलीवर जुनं गाव राहिलं. मोठ्या लेबलची कथा अशी सांगतात की कुटुंबातल्या एकानं बाटलीचं माप ठरवलं, दुसऱ्यानं लेबलचं, आणि दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही. खरी असो वा नसो, भावकीत धंदा केलेल्या कुणालाही ती पटेल.

सीगर्टच्या आधीही पेल्यात कडू होतंच. आमच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही असं हडसन नावाचं गाव आहे. तिथल्या 'द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी' या वृत्तपत्रात १३ मे १८०६ रोजी संपादकानं एका वाचकाच्या शंकेला उत्तर दिलं. कॉकटेल म्हणजे काय? तर कोणतीही कडक दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. वर राजकीय टोमणाही मारला, की हे पेय विरोधी पक्षाच्या उमेदवाराला फार उपयोगी, कारण एक पेला घशाखाली गेला की माणूस पुढं काहीही गिळायला तयार होतो. टोमणा सोडून द्या, व्याख्या बघा. चार जिनसांत बिटर्स आहेच. ते नसेल तर जे उरतं त्याला मी दारू घातलेलं सरबत म्हणते. इथल्या दुकानांत शरदात जे काही विकतात, भोपळ्याच्या मसाल्याचं, कॅरॅमलचं, वर क्रीम घातलेलं, ते बहुतेक सरबतच असतं.

सरबताचा मला पूर्वानुभव आहे. पुण्यात नोकरीला लागल्यावर पहिली व्हिस्की प्यायले ती एका परमिट रूमच्या माडीवर, 'फॅमिली रूम' अशी पाटी असलेल्या खोलीत. आम्ही मैत्रिणी, सोबत खारे शेंगदाणे, मसाला पापड आणि काळं गोड कोला. त्या कोल्यात व्हिस्की होती की नव्हती, हे कळायला मार्ग नव्हता. वेटरनं आमच्या नावाचे एका दिवसाचे परवाने फाडले असणार. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेली ही भानगड महाराष्ट्रात अजून आहे, आणि परमिट रूममध्ये बसणाऱ्या निम्म्या लोकांना त्या 'परमिट'चा अर्थ ठाऊक नसतो. व्हिस्की म्हणजे गोड आणि जळजळीत काहीतरी, हे माझं मत तिथं पक्कं झालं आणि पुढं बरीच वर्षं टिकलं.

औषध आणि दारू यांच्यातली भिंत किती पातळ असते, हेही मला या बाटलीमुळे दिसलं. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. त्या काळात विस्कॉन्सिनमधल्या वॉशिंग्टन बेटावर टॉम नेल्सन नावाच्या गुत्तेवाल्यानं औषधविक्रीचा परवाना काढला आणि पोटाचं औषध म्हणून बिटर्स विकायला सुरुवात केली. बिटर्समध्ये मद्यार्क आहे ४४.७ टक्के, म्हणजे व्हिस्कीच्या वरचढ! त्या बेटावर आजही लोक बिटर्सचा छोटा पेला एका दमात पितात. मला हसू येतं ते आमचंच घर आठवून. आजीच्या दृष्टीनं बाबांच्या कपाटातलं ते 'नको ते' होतं. पण घरात बाळंतीण असली की तीच आजी न चुकता दशमूलारिष्ट मागवायची. धायटीची फुलं घालून आंबवलेलं ते औषध, त्यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. पण ते वैद्याकडून आलेलं आणि जेवणानंतर चमच्यानं मोजून घ्यायचं, म्हणून सोवळ्यातलं.

आई इथं आली ती नेमकी ऑक्टोबरात. विमानातलं खाणं आणि बदललेलं पाणी, दोन्ही तिला बाधलं. ओवा झाला, हिंग झालं, पोटफुगी काही जाईना. शेजारणीनं कुंपणावरून सल्ला दिला: सोड्यात बिटर्सचे चार शिंतोडे. बारमध्ये काम करणाऱ्यांचा हा जुना उपाय आहे. मी आईला आधीच सांगून टाकलं की यात थोडी दारू आहे. तिनं बाटली चष्म्यासमोर धरली, बूच काढून हुंगली, सोडा घोट घोट करत संपवला आणि म्हणाली, "अगं, हे चिराईतच आहे की. सासूबाईंच्या हातचं याहून कडू असायचं." दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच मागितलं. मग संध्याकाळी माझ्या पेल्याकडे बघत, "त्यात किती घालतेस?" असंही विचारलं. पेला मात्र तिनं घेतला नाही. तिचा हिशेब वेगळा होता. सोड्यातलं औषध, व्हिस्कीतली दारू. बाटली एकच असली म्हणून काय झालं!

ती परत गेल्यावर मी न्यू जर्सीतल्या एडिसनला, जिथं आपल्याकडचं बहुतेक वाणसामान मिळतं, काडेचिराईताची पुडी शोधून आणली. चिमूटभर काड्या, संत्र्याची वाळलेली साल, सुंठेचा लहान तुकडा आणि दोन वेलदोडे, हे सगळं वाटीभर व्होडकात आठवडाभर बुडवून ठेवलं, रोज बरणी हलवली, मग फडक्यातून गाळलं. बाहेरच्या बाटलीपेक्षा हे जास्त खरखरीत आहे, लवंगेचा लाडिकपणा त्यात नाही, पण आटवलेल्या साइडरशी आणि रायशी त्याचं अँगोस्टुरापेक्षा चांगलं जमतं, असं माझं मत. शेजारणीला ते मान्य नाही. तिच्या मते हे औषधच लागतं. मी म्हटलं, तेच तर.

महाराष्ट्रात कुणाला हे करून पाहायचं असेल तर साइडरसाठी अडायचं कारण नाही. खोक्यातला पारदर्शक रस मात्र घेऊ नका, तो आटवला की नुसता पाक होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात हिमाचलची आणि काश्मीरची सफरचंदं बाजारात येतात. त्यांतली आंबटसर बघून, सालासकट मिक्सरमधून काढून, मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या आणि लगेच आचेवर ठेवा, नाहीतर रस काळा पडतो. राय मिळाली नाही तर जी व्हिस्की असेल ती चालेल, फक्त रसाचं माप थोडं कमी करा. काडेचिराईत आयुर्वेदिक औषधांच्या कुठल्याही जुन्या दुकानात मिळतं. परवाना काढून ठेवा, आणि पेल्यात गोड ओतण्याआधी कडू घाला.