मिसिसिपीवरून घरी गेलेली दोन पत्रे

मार्कस स्पीगेल हा अमेरिकेच्या यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्या 120 व्या ओहायो पलटणीचा अधिकारी. जर्मनीतील वर्म्सजवळच्या आबेनहाइम गावी 1829 मध्ये एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. विशीच्या सुमारास तो अमेरिकेत आला. तो डेमोक्रॅट मताचा होता. देश एकसंध राहावा म्हणून तो युद्धावर निघाला. गुलामांची सुटका हा त्याच्या लेखी युद्धाचा हेतू नव्हता.

1862 च्या अखेरीस त्याची पलटण आगबोटींतून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर दक्षिणेकडे निघाली. दक्षिणेच्या ताब्यातील व्हिक्सबर्ग शहराच्या उत्तरेला चिकसॉ बायूच्या दलदलीत जनरल शर्मन यांचा हल्ला फसला. 11 जानेवारी 1863 रोजी आर्कान्सा पोस्ट हा किल्ला हाती आला आणि सैन्य माघारी येऊन व्हिक्सबर्गसमोर, लुइझियानाच्या काठावर उतरले. जमीन सखल, भोवती पुराचे पाणी, तळावर रोगराई. बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त ठरवणारी राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची मुक्तिघोषणा 1 जानेवारीलाच लागू झाली होती. त्याच महिन्यात पत्नी कॅरोलाइनला लिहिताना स्पीगेलने युद्धाचा वीट आल्याचे सांगितले आणि या घोषणेपायी लढण्याची आपली इच्छा नाही, हेही लपवले नाही.

4 जुलैला व्हिक्सबर्ग शरण आले. लगेच जॅक्सन शहराच्या लढाईत स्पीगेल जखमी झाला. बरा होऊन तो परतला तेव्हा पलटण आणखी खाली, बॅटन रूजच्या दक्षिणेला प्लाकमिन येथे होती. हा उसाच्या मोठमोठ्या मळ्यांचा मुलूख. इथली सारी साखर गुलामांच्या कष्टांवर उभी राहिलेली.

इथूनच 22 जानेवारी 1864 रोजी त्याने कॅरोलाइनला दुसरे पत्र लिहिले. दक्षिणेत आल्यापासून गुलामगिरीची भीषणता आपण पाहिली आणि जाणली, ती पूर्वी कधी कळलीच नव्हती, असे तो कबूल करतो. ही प्रथा संपण्याची चिन्हे दिसत असल्याचा त्याला आनंद वाटतो. यापुढे तिच्या बाजूने बोलणार नाही, मतही देणार नाही, आणि हा निर्णय घाईचा नसून मनापासूनचा आहे, असेही तो बजावतो.

मे महिन्यात पलटण ‘सिटी बेल’ या आगबोटीने रेड नदीतून वर निघाली. 3 मे रोजी काठावरून बोटीवर मारा झाला, त्यात स्पीगेल जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. देशभरातील गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर 1865 मध्ये मंजूर झाली.