लम्ब्रिजचा फेरफटका

प्रवास म्हटला की डबा, बाटली, रिझर्वेशन आलंच. परवा मात्र मी घरबसल्या एका नव्या गावाला जाऊन आले. लम्ब्रिज त्याचं नाव. मुलं मोबाइलवर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' खेळतात ना, त्यातलं हे पहिलं गाव. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने मूळ खेळ २००१ साली काढला; त्याचं २००७ मधलं रूप २०१३ मध्ये पुन्हा खुलं केलं.

नदीकाठी किल्ला, पलीकडे गाईंचं कुरण. किल्ल्यात शिरले, तर स्वयंपाकी घायकुतीला आलेला! ड्यूकचा वाढदिवस, अन् केकला ना अंडं, ना दूध, ना पीठ. मग काय, निघाले. कोंबड्यांपाशी अंडं उचललं, बादलीत धार काढली, शेतातला गहू पवनचक्कीत वर टाकला, दांडा ओढला नि खाली येऊन पीठ भरून घेतलं.

तुम्ही म्हणाल, घरचं काय कमी होतं? पण सामान देताच माझ्या पाककलेच्या खात्यात ३०० गुण जमा झाले! आपण दोन्ही वेळ रांधतो, त्याची नोंद कुठल्या वहीत होते? मुलं तिथे का रमतात, ते तेव्हा उमगलं. केलेलं काम तिथे दिसतं.

एक मात्र जपावं. 'सोनं दे, दुप्पट करून देतो' म्हणणारे भामटे तिथेही भेटतात. पासवर्ड कुणालाही सांगू नये.

आणि हो, हल्ली लेकीने ताटं घेतली की मी तोंडभरून 'छान' म्हणते. तेवढे गुण आपणही देऊ शकतो की!