पेट्रोलच्या ट्रकाचा हिशोब

बाळकुमला आज टोलेजंग इमारती दिसतात. माझ्या लहानपणी तिथे भाताची खाचरे होती आणि गावाजवळून कशेळीच्या पुलाकडे, पुढे भिवंडीला आग्रा रोड जाई. त्या रस्त्याच्या मोहाने बाबांनी ट्रक घेतला. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर लष्कराचे ट्रक लिलावात निघाले होते. लोक त्यांना ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. हातोहात फिरत आमच्याकडे आलेली अशीच एक शेवरलेट. सहा सिलिंडरचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन! थंडीतही एका हँडलात सुरू व्हायचे. आवाज मऊ, धूर नाही. विटा भरून गाडी पुलावर चढली की बाबांची छाती फुगायची.

पण कसारा घाटात खरी परीक्षा होई. इंजिन तापले की पेट्रोल नळीतच उकळायचे, वाफ अडायची आणि गाडी बंद. मग पंपावर ओले गोणपाट टाकून बसायचे. भरल्या गाडीला लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर मिळाले तर नशीब.

आई निरक्षर होती. चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाने खेपेची रेघ ओढी आणि पेट्रोलच्या डब्याची फुली मारी. दोन वर्षांनी तिने बाबांना भिंत दाखवली. म्हणाली, “अवो, गाडी आपल्याला पोसते का आपण गाडीला?” बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

दोष इंजिनाच्या ताकदीचा नव्हता. त्या पेट्रोल इंजिनात हवा सहा-सात पट दाबली जाई, डिझेलमध्ये पंधरा पटींहून जास्त. जास्त दाबामुळे तेवढ्याच इंधनातून जास्त काम निघते. शिवाय डिझेल स्वस्त. जमशेदपूरहून १९५४ पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक येऊ लागले, त्यांच्यापुढे भाड्यात आमचा टिकाव कसा लागणार?

शेवटी बांधाकडेचा भाताचा तुकडा विकून बाबांनी मद्रासच्या सिम्पसन कंपनीचे पर्किन्स डिझेल इंजिन बसवून घेतले. गाडी खडखडू लागली, धूर ओकू लागली, पण चार पैसे उरू लागले. तीन वर्षांनी पाटल्या सुटल्या. तो तुकडा मात्र कायमचा गेला.

आता सीएनजीचे ट्रक आले आहेत. त्यांतही पेट्रोल इंजिनासारखाच स्पार्क प्लग असतो. म्हणजे जुनी जात नव्या इंधनावर परतली. तेव्हा कोणते इंजिन चांगले, याचे एकच उत्तर नाही. पण मंडळी, जुना टेम्पो किंवा ट्रक घ्यायचा झाला, तर नुसती किंमत आणि ताकद पाहू नका. भरल्या गाडीने एक खेप करून बघा, इंधन मोजा, दुरुस्ती धरा, आणि तो हिशोब घरातल्या बाईपुढे मांडा. आमच्या घरात तो आधी मांडला असता, तर जमीन राहिली असती.